दर चार मिनिटांनी एक हाक

नसीमबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या चुकीमुळे. आमच्या संस्थेची रुग्णजीप मी कुरखेड्याच्या जंगलपट्टीत चालवतो. गावातली आशाताई मोबाइलवर बटण दाबते, माझ्या मोबाइलवर घंटा वाजते आणि मी निघतो. त्या दिवशी घंटा वाजलीच नाही. दीड तासानं मी मोबाइल उघडला तेव्हा निरोप दिसला. मी पोहोचेपर्यंत उशीर झाला होता; बाळंतीण वाचली, बाळ गेलं. हे आजही माझ्याच्यानं धड लिहवत नाही.

संस्थेचे संगणक सांभाळणाऱ्या नसीमबाई ब्रह्मपुरीहून आल्या आणि त्यांनी माझा मोबाइल मागितला. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही. म्हणून आम्ही ड्रायव्हर बॅटरी वाचवायला चालू असलेलं सगळं बोटानं झाडून टाकायचो, त्यात घंटेचा प्रोग्रामही जायचा.

"बाई, मले काय माहीत!" मी म्हणालो.

"तुमाले कोणी सांगतलंच नाई. ते काम माहं होतं," त्या म्हणाल्या.

मग त्या बाळंतिणीच्या घरी मला घेऊन गेल्या आणि चूक आमची आहे, असं तोंडावर सांगून आल्या. वरून सक्त ताकीद होती की असं काही कबूल करायचं नाही. बाईंनी ती जुमानली नाही.

पुढे त्यांना कळलं की प्रोग्राम चालू असला तरी भागत नाही. मोबाइल आणि संस्थेचा संगणक बराच वेळ एकमेकांशी बोलले नाहीत की मोबाइल कंपनीची मधली यंत्रणा लाइन गुपचूप तोडते, आणि मोबाइलला वाटतं ती चालूच आहे. म्हणून बाईंनी प्रोग्राम असा केला की मोबाइल खिशात असतानाही तो संगणकाला दर चार मिनिटांनी एक हाक देतो. ओ आली नाही तर लाइन नव्यानं जोडतो. आमच्या जीपमध्ये चार्जरही त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतले.

बैठकीत शहरातले सल्लागार म्हणाले, "सांगायला काही नसताना हाक कशाला? उगाच बॅटरी खाते. काढून टाका."

बाई उठल्या. "मोहफुलं वेचाले गेलेल्या बाया एकमेकीले हाक काऊन मारतात, साहेब? काई काम असते का? जिची ओ येत नाई, तिले शोधाले जातात. मी नाई काढत."

त्याबद्दल त्यांना औषधांच्या गोदामात बसवलं. बाई तिथं खोकी मोजायच्या, आणि जेवणाच्या सुटीत आमचे मोबाइल तपासायच्या. हाक एक दिवसही थांबली नाही, आणि तेव्हापासून माझी जीप एकदाही उशिरा निघालेली नाही.

यंदा बाई साठ वर्षांच्या होऊन निवृत्त होत आहेत. त्यांची पाठ वळण्याआधीच नवा आदेश आला आहे, पुढच्या महिन्यापासून हाक बंद. आम्ही सगळ्या ड्रायव्हरांनी त्यावर 'मान्य नाही' असं लिहून सह्या केल्या आहेत. पहिली सही माझी आहे. जीपच्या किल्ल्या काढून घ्यायच्या तर खुशाल घ्या, प्रोग्रामला हात लावू देणार नाही.

बाई, गुडघ्यांचं औषध वेळेवर घ्या आणि घरी निवांत बसून शंभरी गाठा. इथं भांडायला आम्ही आहोत.