उष्टी शँपेन

कॅलिफोर्नियात सांता क्लाराच्या मागच्या डोंगरात एक कुटुंब शँपेन बनवायचं. आपल्या शँपेन प्रांताबाहेरच्या वाइनला कुणी शँपेन म्हणू नये असं फ्रेंचांचं म्हणणं, पण मालकीण म्हातारीनं फ्रेंचांना विचारलं नव्हतं. द्राक्षं तिची, तळघर तिचं, आणि कामाला मुलगा-सून. मी तिथे लॅबमध्ये टेम्पररी होते. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. नवऱ्याला त्याच्या कंपनीनं नुकतंच ले-ऑफ केलं होतं, तेव्हा माझी नोकरी पक्की होणं ही काही हौस नव्हती.

"दारूच्या कारखान्यात पर्मनंट? नागपूरला आईला काय सांगू?" नवऱ्यानं विचारलं.

"लॅबमध्ये आहे म्हणून सांग. खोटं आहे का?"

"पण प्यावी लागणार ना?"

"चाखायची आणि थुंकायची."

"म्हणजे थुंकायचा पगार?"

"तुला सध्या तोही नाही," मी म्हटलं आणि गाडी काढली.

पक्कं होण्यासाठी म्हातारीच्या टेबलावर एक परीक्षा द्यावी लागे. बाटलीतला गाळ काढला की थोडी जागा रिकामी होते. तिथे साखरेचा पाक घालून बूच मारतात. पाक किती, यावरून मायलेकांचं दरवर्षी वाजायचं. म्हातारी आपल्या नवऱ्याच्या मापाला चिकटून होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाला कमी गोड हवी होती. समोर कमी, मध्यम आणि जास्त पाकाचे तीन नमुने होते. कुठला कोणता ते मला सांगणार नव्हते; मी चाखून एक निवडायचा होता.

पहिला नमुना ओतला गेला. म्हातारीनं घोट घेतला, खुळखुळवला, बादलीत थुंकली आणि ग्लास मुलाकडे दिला. मुलानं सुनेकडे. सुनेनं माझ्याकडे. तोच ग्लास. वेगवेगळे ग्लास घेतले तर 'तुझा नीट धुतला नव्हता' म्हणून भांडणं होतात, सबब या घरात चाखायचा ग्लास एकच.

मी ग्लासच्या कडेकडे पाहिलं. तिथे म्हातारीची लिपस्टिक होती. दारूची मी तयारी करून आले होते; उष्ट्याची नव्हती.

जन्मभर तांब्यानं वरून पाणी प्यायलेल्या बाईला सुचेल तेच मला सुचलं. मान मागे टाकली, ग्लास उंच धरला आणि धार सोडली. पाणी तोंडात गेल्यावर फुगत नाही. हे फुगलं. अर्धं घशाखाली गेलं, उरलेलं नाकात चढलं आणि मी जी शिंकले ती थेट मुलाच्या टायवर.

"हे काय होतं?" म्हातारीनं विचारलं.

"आमच्याकडे असंच पितात," मी डोळे पुसत म्हटलं. "मला दुसरा ग्लास द्या."

"आमच्या ग्लासला काय झालंय?"

"तुम्ही तिघांनी चाटलाय तो."

मुलगा टाय पुसायचा थांबला. नोकरी गेली असं मी मनात धरलं. तेवढ्यात सून उठली, कपाटातून एक ग्लास काढून माझ्यापुढे ठेवला आणि बसताना हसू दाबायला खोकली.

मग मी तिन्ही नीट चाखले, थुंकले आणि मधला पुढे सरकवला.

"का?" म्हातारी.

"आम्ही आमटीत गूळ घालतो. तो कळता कामा नये, आणि नसला तर चुकल्यासारखं वाटलं पाहिजे. पहिल्यात चुकल्यासारखं वाटतं. तिसऱ्यात नुसता गूळच कळतो."

"तिसरं माझ्या नवऱ्याचं माप आहे."

"मग त्यांना गोड आवडत असणार."

म्हातारीनं तिसरा नमुना पुन्हा चाखला आणि या वेळी थुंकायच्या आधी बराच वेळ तोंडात धरला.

"शेवटी शेवटी त्याला गोडाशिवाय कशाची चवच लागत नव्हती," ती म्हणाली. "आणि तुझा पहिलाही नको." मुलानं बोलायला वासलेला आ तिनं तिथेच मिटवला. मग माझ्याकडे वळली. "सोमवारपासून या टेबलावर ये. पण ग्लास घरून आण, माझी कपाटं तुझ्यासाठी उघडी नाहीत."

मी पर्स उचलून निघाले. दारापर्यंत सून पोचवायला आली.

"दोन आण," ती हळूच म्हणाली.