पुस्तकाचं वाण

माझी लेक बडोद्यात सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने एक मराठी पुस्तक दोन दुपारांत वाचून संपवलं. तिच्याच वयाच्या एका मुलीची गोष्ट. वडिलांची कंपनीतली नोकरी जाते, घर बदलावं लागतं, आणि ही मुलगी जिवलग मैत्रिणीला सांगते की बाबांची बदली झालीय. ते खोटं निभावताना तिची जी ओढाताण होते, तेवढंच पुस्तक. राजा नाही, राक्षस नाही, शेवटी बोधही नाही.

वाचून झाल्यावर लेक म्हणाली, "आई, भारी आहे. पण बोलू कोणाशी? माझ्या वर्गात कोणी मराठी वाचत नाही. मी आता इंग्लिशच वाचणार. निदान सगळ्यांनी वाचलेलं असतं."

हे मला फार लागलं. मी खानदेशातल्या तालुक्याच्या गावी शिकले. वडील जिनिंगमध्ये कामाला, आई अंगठा उठवणारी. आमच्या शाळेत बाई शनिवारी लोखंडी कपाट उघडायच्या. त्यातल्या एका पुस्तकात, शेंगा फोडून फोडून अंगठा सुजलेली मुलगी मला भेटली. माझाही अंगठा तेव्हा सुजलेला होता. आपल्यासारख्यांचंही पुस्तक असतं, हे त्या दिवशी कळलं. घरातली पहिली पदवी माझी, आणि तिचं मूळ त्या कपाटात आहे असं मी आजही मानते. त्या बाईंचं ऋण मी फेडू शकत नाही. पण माझ्याच मुलीची मराठी केवळ सोबत नाही म्हणून सुटावी, हे मला सहन होईना.

आधी मी आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं. सहावी ते आठवीच्या मुलांनी वाचावीत अशी, खऱ्या आयुष्यातल्या गोष्टींची पुस्तकं सुचवली, प्रत्येकात काय आहे तेही दोन ओळींत लिहिलं. उत्तरादाखल जोडलेले हात आले, अंगठे आले. एकीने "सुंदर विचार" लिहिलं. पुस्तक कोणीच आणलं नाही.

मग मला वाटलं, नुसतं सुचवून काही होत नाही, हातातच द्यावं. संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर होतं. लेकीच्या वयाच्या मुली असलेल्या पाच घरच्या बायका आमच्याकडे येतातच. त्यांना वाण म्हणून हेच पुस्तक द्यायचं ठरवलं.

सासूबाईंना ते पटलं नाही. आमच्या सासरचं घराणं जुन्या राज्याच्या कारभारातलं. घरात पोथ्या आहेत, कोश आहेत, आणि त्यांना कोणी हात लावलेला मी पाहिलेला नाही.

"अगं, वाण म्हणजे सुवासिनीच्या उपयोगाचं काही द्यावं. डबा दे, वाटी दे."

"पुस्तक उपयोगाचं नाही का, आई?"

"आहे गं बाई. पण पुस्तकात भाजी ठेवता येते का?"

तरी मी प्लास्टिकच्या वेष्टणातल्या पाच प्रती आणल्या. लेकीने हौसेने प्रत्येक पुस्तकावर हलव्याची पुडी ठेवून हिरव्या दोऱ्याने गाठ मारली. फुलपाखरासारखी गाठ, ती फक्त तिलाच येते.

हळदीकुंकवाला हरणीतल्या आमच्या सोसायटीतल्या आणि जुन्या ओळखीच्या बायका आल्या. एकीने पुस्तक हातात घेऊन आधी कपाळाला लावलं.

"धार्मिक आहे ना?"

"नाही हो. तुमच्या मुलीसाठी आहे. सातवीतल्या मुलीची गोष्ट."

"असं होय! मग जनरल नॉलेजचं द्यायचं ना, ऑलिम्पियाडला तरी चाललं असतं."

दुसरी, जिचे यजमान बाजव्याकडे रिफायनरीच्या कामावर जातात, तिने मागचं कव्हर वाचलं आणि तिचा चेहरा पडला. "यात बाबाची नोकरी जाते? वहिनी, सणासुदीला असलं देतात का?"

"अहो, गोष्ट आहे ती."

"गोष्टच, पण घरात येते ना." पुस्तक तिने पिशवीत ठेवलं खरं, पण पालथं.

मी तिळगूळ देत राहिले. आतून मात्र जळत होते. शिकलेल्या बायका, प्रत्येकीच्या घरी मुलगी शिकवणीला जाते, आणि सगळ्यांना भीती त्या एका पानाची, जिथे एक बाप दुपारी घरी बसलेला असतो.

काही दिवसांनी मी एकीला फोन केला. मुलीने वाचलं का?

"नाही हो, देवापाशी ठेवलंय. वाणाचं, हळदीकुंकू लागलेलं. आमची कन्या चिप्सच्या हातांनी धरते सगळं."

"मग धरू द्या की!"

"छे छे, वाण आहे ते."

चूक माझीच होती. वाणाचं वाचायचं नसतं, जपायचं असतं किंवा पुढे सरकवायचं असतं. बडोद्यात इतकी वर्षं संसार करून मला हे कळायला हवं होतं.

रथसप्तमीच्या आधी करजणला चुलत नणंदेकडे हळदीकुंकवाला गेलो. तिने मला कुंकू लावलं आणि हसत म्हणाली, "वहिनी, प्लास्टिकचा एक डबा कमी पडला. पण तुमच्यासाठी खास काढून ठेवलंय. तुम्हाला आवडतात ना पुस्तकं!"

हातात आलं ते माझंच पुस्तक. प्लास्टिकचं वेष्टण जसंच्या तसं, हिरवा दोरा, फुलपाखरासारखी गाठ. हलव्याची पुडी तेवढी नव्हती.

"छान आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

परत येताना गाडीत नवऱ्याला हसू आवरेना. "अगं, वाण फिरतंच. आपल्याकडचा तो स्टीलचा डबा किती घरं पाहून आलाय, विचार आईला."

"डबा न उघडता फिरला तरी डबाच राहतो," मी म्हणाले. "न उघडलेलं पुस्तक काय असतं?"

मी भरुच रोडवरचे ट्रक पाहत राहिले.

घरी लेकीने गाठ ओळखली. तिने दात लावून प्लास्टिक फाडलं, पुस्तक घेतलं आणि खाली गेली. मला वाटलं, चिडून कुठे टाकून देते की काय.

थोड्या वेळाने गॅलरीतून पाहिलं. खाली बाकड्यावर ती आणि पहिल्या मजल्यावरची तिची गुजराती मैत्रीण बसल्या होत्या. मैत्रीण हिंदीमुळे अक्षरं जुळवत अडखळत वाचत होती, अडली की माझी लेक गुजरातीत सांगत होती. मी हाक मारणार होते, अगं, मराठीत सांग, त्यासाठीच तर चाललंय हे सगळं! तेवढ्यात मैत्रीण तावातावाने म्हणाली, "हुं होत तो पण ना कहेत!" म्हणजे, मी असते तरी सांगितलं नसतं.

"का नाही? जिवलग फ्रेंड आहे ती!" लेक मराठीतच ओरडली. मग भांडण गुजरातीत गेलं, परत मराठीत आलं. दिवाळीपासून तिला हेच हवं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी तिने खालून हाक मारली, "आई, असलं अजून एक आहे का? बी विंगवालीला पण पाहिजे."

"आहेत की. लोकांच्या देवापाशी."

"मग आण ना!"

सासूबाई दिवा लावत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "दिलेलं वाण परत मागू नये हो."

मी चपला घातल्या.