फटफटीचा घसा

पुसेगावात फटफटीचा आवाज आला की आया लेकरं लपवायच्या.

तसा उकंडराव काही वाईट माणूस नव्हता. हिंगोलीच्या दवाखान्याचा तो टोचणीवाला. गावोगाव फिरायचा, पोरांच्या दंडावर देवीची लस टोचायचा, म्हणून मुलखानं त्याला नाव दिलं 'देवी डॉक्टर'. घोळ केला तो ह्या नावानंच. पुसेगावच्या बायकांनी त्याचा सरळ अर्थ लावला, की हा माणूस पेटीत देवी घालून आणतो आणि दिसेल त्या लेकराच्या अंगावर सोडतो. मग काय, लांबून फटफट कानावर आली की कुणाचं पोरगं कणगीत, कुणाचं कडब्याच्या गंजीमागं. उकंडराव वेशीत शिरेपर्यंत गावात जणू एकही लेकरू जन्मलेलं नसायचं.

सोनाजी लोहार ह्या प्रकाराला पोट धरून हसायचा, पण भात्यापाशी, चौघांत. घरात बायकोपुढं हसायची त्याची टाप नव्हती. चांगुणाबाईनं तीन लेकरं पुरली होती. चौथी सुमी, पाच वर्षांची, तेवढी राहिली होती. सुमी दारात खेळताना जरा लांब गेली तरी चांगुणाबाईची भाकर तव्यावर करपायची.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट, सन चव्वेचाळीसचा चैत. उकंडरावाची फटफटी आधीच म्हातारी, त्यात गावाजवळच्या ओढ्यात दगडावर आपटून आडवी झाली. बैलांनी ओढत तिला सोनाजीच्या दुकानात आणली. बघतात तर कार्बोरेटर उभा चिरलेला. उकंडरावानं समजावून सांगितलं की हवा आणि पेट्रोल ह्यात एक होतं आणि मग इंजिनात जातं. सोनाजी म्हणाला, "म्हंजी हा फटफटीचा घसाच की!" तेव्हापासून दुकानात त्याचं नाव घसाच पडलं.

घसा कसल्याशा मऊ धातूचा होता, भट्टीत धरला तर लोण्यासारखा वितळला असता. लढाईपायी विलायतेचं सामान येणं बंद. सोनाजी म्हणाला, "उद्या बघू." उद्या उजाडला, तेव्हा पाभरीचे फण धार लावायला आले होते. परत "उद्या बघू." उकंडराव बिचारा ओट्यावर पथारी टाकून राहिला. चांगुणाबाई दोन्ही वेळा त्याला भाकर-कोरड्यास वाढायची आणि खालमानेनं आत निघून जायची. सुमी कुठं दिसत नाही, असं सोनाजीनं विचारलं तेव्हा म्हणाली, "मागच्या खोलीत झोपलीय. अंग कोमट हाय जरा." सोनाजी मनात हसला. लेकरू लपवलंय हे त्याला कळलं. ते आजारी आहे, हे कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोनाजी भाता ओढायला बसला आणि घरातून करवत चालल्यासारखा आवाज आला. लाकडात अडकलेली करवत ओढावी, तसा. तो उठायच्या आत चांगुणाबाई सुमीला खांद्यावर टाकून धावत बाहेर आली आणि तिनं लेकरू थेट उकंडरावाच्या मांडीवर ठेवलं.

"डाक्टरसाब, बघा हिला. देवी टोचा, काय बी करा, पण बघा!"

उकंडरावानं पोरीचं तोंड उन्हाकडं केलं, पळीच्या दांड्यानं जीभ दाबली आणि आत बघितलं. घशात पांढरा पापुद्रा धरला होता.

"घटसर्प हाय. कवाधरनं तकलीफ हाय हिला?"

"परवापासून."

"परवापासून? बाई, म्या परवापासून तुमच्याच ओट्यावर बसून राहिलोय ना! काहून नाही दाखवली?"

चांगुणाबाईनं पदर तोंडात कोंबला होता. सोनाजीला वाटलं, हिला आता ह्या ऐरणीवर ठेवून घणानं कुटावं. लगेच आठवलं, की दोन दिवस 'उद्या बघू' कोण म्हणत होतं. तो पहिल्याच दिवशी घसा जोडायच्या मागं लागला असता, तर फटफटी आज दारात तयार उभी असती.

"दवा हाय का ह्याच्यावर?" त्यानं विचारलं.

"हाय. सुई हाय. पण हिंगोलीच्या दवाखान्यात. दिवस बुडायच्या आत टोचली तर जगल. न्हाई तर श्वासच बंद पडल."

"मग गाडी जुंपतो, लेकरूच घेऊन जाऊ!"

"नको. गाडीच्या धक्क्यांनी पापुद्रा सुटून आडकला, तर वाटंतच जाईल. हिला हलवू नका. दवाच इथं यायला पायजे."

पाटलाची घोडी लग्नापायी वसमतला गेली होती. पायी नाही तर बैलगाडीनं माणूस धाडावा तर तो मध्यरात्रीच्या आत परतत नाही. तिघंही एकदमच त्या आडव्या पडलेल्या फटफटीकडं बघायला लागले.

गावात आणखी एक फटफटी होती. देशमुखांच्या तातेरावाची, नवी आणि मोठी. पण तातेराव दोन वर्षांमागं विषमज्वरानं गेला आणि फटफटी गोठ्यात विटांवर उभी राहिली. टायर उंदरांनी खाल्ले होते. तातेरावाची आई मंजुळाबाई दर शुक्रवारी ती पुसायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. एकदा एका पाहुण्यानं भोंगा दाबून पाहिला, तर बाई दोन दिवस जेवली नव्हती.

सोनाजी तिच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"देशमुखीणबाई, लेकरू जाऊन राहिलंय माझं. फटफटीचा घसा पायजे."

मंजुळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग गोठ्याची कडी तिनं स्वतःच्या हातानं काढली. "माझं पोरगं गेलं तवा कुणाकडं काय मागावं, हेच मला समजलं न्हाई," ती म्हणाली. "तुला समजलंय. घेऊन जा."

घसा निघाला, पण बसेना. जुन्या फटफटीची नळी बारीक, हा मोठ्या फटफटीचा घसा रुंद. लहान पायात थोरल्याचा जोडा. सोनाजीनं इकडंतिकडं पाहिलं आणि चांगुणाबाईच्या माहेरचा पितळी तांब्या उचलला. गळ्यापाशी कापला, ठोकून त्याचं कडं केलं, आतून मोटेचं चामडं लावलं आणि घसा नळीवर बसवला. हँडलाकडून येणारी वायर आखूड पडली, तिला तारेचा तुकडा गाठ मारून जोडला. एरवी दोन दिवस खाल्ले असते असं काम त्यानं दुपारच्या आत हातावेगळं केलं. सगळा वेळ आतून ती करवत चालूच होती.

उकंडरावानं किक मारली. फट्... फुस्स. परत मारली. घशाच्या तोंडातून खोकल्यासारखा भपकारा आला आणि इंजिन थंड.

आता सोनाजी जातीचा लोहार. बापानं त्याला आगीबद्दल एकच गोष्ट शिकवली होती, आग मंदावली की हवा दे. आणि आत त्याचं लेकरू हवेवाचूनच तडफडत होतं. माणसाचं डोकं अशा वेळी दुसरीकडं जाईल कसं? घशाच्या तोंडावर एक पत्र्याची झडप होती, हवा अडवणारी. सोनाजीनं ती पूर्ण उघडली. फटफटी आणखी खोकली. "हवा कमी पडतीया हिला," असं म्हणून त्यानं ती झडप चिमट्यात धरली आणि मुळासकट उपटून फेकून दिली.

"आरं, ते कशाला असतंय ते तर बघ!" उकंडराव ओरडला. पण ते कशाला असतं, हे त्यालाही सांगता येईना. चालवणं येत होतं, पोटातलं ठाऊक नव्हतं.

त्यानंतर फटफटी खोकलीसुद्धा नाही. उकंडराव किक मारत राहिला, त्याचा पाय थरथरायला लागला. दरेक किकेला ते उघडं तोंड हवा ओढायचं आणि कोरडी घरघर करायचं. सोनाजी कधी मळसूत्र पिळायचा, कधी तोंडात फुंकर मारायचा. सावली ओट्याखाली उतरली. त्यानं ऐरणीवर डोकं टेकलं आणि दुकानात, लोकांसमोर, तो गडी मोठ्यानं रडला. त्याला काही सुचत नव्हतं. सगळं हातात असून लेकरू मरणार होतं.

चांगुणाबाई आतून बाहेर आली. सुमीच्या ओठांवर निळी झाक आली होती, तेच सांगायला आली होती. पण दारात पाय ठेवला आणि तिच्या कानावर ती फटफटीची घरघर पडली. आतला आवाज आणि बाहेरचा आवाज, एकच. बाई भडकून उठली. "बंद कर गं तुझं ते, मेले!" असं किंचाळत ती धावली आणि तिनं तळहात त्या उघड्या तोंडावर दाबला. उकंडरावाची किक त्याच वेळी बसली.

फट् फट् फट् फट्! दुकानातल्या कोंबड्या उडाल्या. चांगुणाबाईनं घाबरून हात काढला. फटफटी खोकून बंद.

सोनाजीनं डोकं वर केलं. बायकोच्या हाताकडं बघितलं, घशाकडं बघितलं.

"हिला हवा जास्त झालीया," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून म्या हिला नको तीच चीज देऊन राहिलोय."

मग त्यानं कड्याच्या सांध्याला कान लावला. तिथूनही हवा शिरत होती. "कणीक आण!" चांगुणाबाईनं भिजवलेल्या कणकेचा गोळाच आणला. भांड्याचं तोंड लिंपावं तसा सांधा लिंपला. पण उपटलेली झडप काही जोडली जाईना, तिचा कान तुटला होता. पत्रा कापून नवी करायला वेळ नव्हता. उकंडरावाचे दोन्ही हात चालवण्यात अडकणार. तोंडावर हात धरायला दुसरा माणूस पाहिजे, आणि किती दाबायचं, किती सोडायचं, हे ज्याच्या कानाला समजतं असा.

म्हणजे सोनाजीच.

तो दारातूनच सुमीला बघून निघाला. जवळ गेला असता तर पाय निघाला नसता.

हिंगोलीची वाट त्याला पुढं कधी नीट आठवली नाही. मागं बसून, उकंडरावाच्या मांडीखालून उजवा हात खाली घालून त्यानं ते तोंड धरून ठेवलं होतं. चढ आला की जरा दाबायचा, सपाटीला जरा ढिला सोडायचा. दरेक धडधडीला घसा त्याच्या तळहाताची कातडी आत ओढायचा. मनगट तापल्या इंजिनाला टेकत होतं, कातडं सोलून निघालं, पण निखारे झेललेला हात तो. दुखत होतं ते वेगळंच. आपण एकीचा गळा दाबतोय म्हणून ही पळून राहिलीय, आणि तिकडं दुसरीचा कोण दाबून बसलाय? असलं काहीबाही मनात यायचं आणि तो खंडोबाला, भैरोबाला, उकंडरावाच्या पेटीतल्या देवीलासुद्धा हात जोडायचा, मनातल्या मनात, कारण हात मोकळे नव्हते. कयाधू नदीच्या वाळूत चाक रुतलं तेव्हा उकंडराव उतरून ढकलत होता आणि सोनाजी हात न काढता फटफटीबरोबर अर्धा वाकून पळत होता. हिंगोलीत उकंडराव दवाखान्यात धावला, तेव्हाही सोनाजी अंगणात फटफटी चालू ठेवून, तोंड धरून तसाच बसला. बंद पडली आणि परत लागलीच नाही तर? आत काय बोलणं झालं कुणास ठाऊक. उकंडराव ओल्या फडक्यात दोन शिश्या गुंडाळून आला आणि म्हणाला, "चल."

पुसेगावची वेस आली तेव्हा ऊन देवळाच्या कळसावर गेलं होतं. गल्लीत माणसं उभी होती. फटफटीचा आवाज ऐकून त्या दिवशी एकाही बाईनं लेकरू लपवलं नाही. सोनाजीला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

फटफटी दारात थांबली. उकंडराव उडी टाकून शिश्यांसकट आत पळाला. सोनाजी जागचा हलला नाही. हँडल डाव्या हातानं धरून, उजवा तळहात घशावर ठेवून तो उभा राहिला. फटफटी धडधडत होती. त्या धडधडीत आतलं काही ऐकू येत नव्हतं. हात काढला की ती बंद पडणार, ती बंद पडली की घर ऐकू येणार. करवतीचा आवाज थांबला असला तर? हात होता तोवर त्याचं लेकरू मेलेलं नव्हतं.

"सोनाजी, काढ हात," कुणीतरी म्हणालं. मंजुळाबाई होती. त्यानं मान हलवली. पेट्रोल संपेपर्यंत तो तसाच उभा राहणार होता.

शेवटी चांगुणाबाई बाहेर आली. तिचा चेहरा त्यानं बघितला नाही, मुद्दामच. ती जवळ आली, त्याचं सोललेलं मनगट तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि चिकटलेली पट्टी काढावी तसा एकेक बोट सोडवत त्याचा हात बाजूला केला.

फटफटी खोकली, एकदा, दोनदा, आणि गप्प झाली.

मग घरातून, बारीक, खरखरीत, लाकडात अडकलेली करवत कुणी ओढावी तसा, सुमीचा श्वास ऐकू आला. आणि त्यावर उकंडरावाचा आवाज, "सुई टोचलीय! आत ये, धर हिला, लई हातपाय झाडून राहिलीय!"