दोन माशांसाठी कोरं पाणी

कराडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, आणि माझा नवरा पाणी आणायला स्कूटरवरून सांगलीला जायचा. हे कुणाला सांगायची मला लाज वाटायची. शेजारणीने विचारलं तर मी म्हणायची, "औषधं आणायला गेलेत."

फौजेतली त्यांची शेवटची नेमणूक अंदमानात होती. तिथून निवृत्त होऊन आले ते समुद्र डोक्यात घेऊनच. माझं कपाट आतल्या खोलीत ढकललं गेलं आणि त्या जागी काचेची टाकी आली. तिच्यात खारं पाणी, आणि अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन नारिंगी मासे. पाण्यात मीठ कालवलं की झाला समुद्र, असं मला वाटलं होतं. पण ते मीठ ज्या पाण्यात कालवायचं ते आधी अगदी कोरं लागतं. त्यात क्षार नकोत, क्लोरीन नको, काहीच नको. नळाचं पाणी घालून पाहिलं, तर काचेवर असं शेवाळ माजलं की मासे दिसेनात. बोअरच्या पाण्याने आमच्या बादल्यांना पांढरे थर चढतात, त्यामुळे ते बादच. शेवटी सांगलीत प्रयोगशाळांना शुद्ध पाणी पुरवणारा एक माणूस यांना सापडला. तेव्हापासून स्कूटरच्या पुढ्यात दोन कॅन घेऊन हे जायचे.

मे महिन्यात तिथून परतताना कराडजवळच स्कूटर घसरली आणि यांचा पाय मोडला. मी धावतपळत दवाखान्यात पोचले, तर पायाला फळी बांधून पडलेला हा माणूस मला पहिलं काय विचारतो?

"कॅन फुटले का गं?"

"फुटले," मी म्हटलं. मला बघायलाही वेळ मिळाला नव्हता, पण त्या क्षणी ते फुटलेलेच बरे वाटले.

पायात सळई घातली. कुंडलहून माझी धाकटी नणंद आली. दोन रात्री मी खुर्चीत काढल्याचं बघून ती म्हणाली, "वैनी, तुमी जावा घरी. मी बसती दादाजवळ. तुमचं त्वांड बघा कसं उतरलंय."

मला जरा बरं वाटलं, तोच पलंगावरून आवाज आला, "हो, जाच तू. टाकीतलं पाणी कमी झालं असेल."

उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. मग उरलेलं पाणी जास्त खारट होतं आणि मासे मरतात. म्हणून रोज वरून कोरं पाणी घालायचं. हे त्यांनी मला नणंदेदेखत तीनदा समजावलं. माझ्या जेवणाचं कुणी विचारलं नाही.

घरी येऊन बघते तर पाणी पंपाच्या खाली उतरलेलं, आणि पंप हवा ओढून घरघरतोय. कपाटामागे एक कॅन होता, तोही रिकामा. पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र तेवढं पर्समध्ये टाकलं आणि त्या उन्हात बाहेर पडले.

कोपऱ्यावरच्या जारवाल्याकडे आधी गेले. यंत्र बुडवलं तर आकडा भराभर चढला.

"ताई, एकदम गोड पानी हाय," तो म्हणाला. "वरनं मिनरल घातल्यात."

"मला मिनरल नकोयत."

"मिनरल न्हाई तर मग नळाचं काय वाईट हाय?"

घरी परतले तर शेजारीण म्हणाली, "आमच्या एसीचं पाणी दिवसभर गळतंय, न्या की." खरंच बादली भरलेली होती, आणि यंत्रावर आकडाही जवळजवळ काही नाही. मी आनंदाने दवाखान्यात फोन लावला.

"एसीचं? अजिबात नको! आत तांब्याच्या नळ्या असतात. तांबं उतरलं तर टाकीतलं सगळं मरेल."

"मग काय घालू?"

"साखर कारखान्यात बॉयलरसाठी शुद्ध पाणी करतात, तिथे कुणाला तरी विचार."

"अहो, मे महिना आहे. गाळप कधीच बंद झालंय!"

मी फोन ठेवला आणि हमरस्त्याकडे गेले. तिथे ट्रॅक्टर-ट्रकच्या बॅटऱ्यांचं एक दुकान आहे. बॅटरीत घालायचं पाणीही कोरंच असतं, हे मला वाटेत सुचलं.

"किती ट्रॅक्टर हायती?" दुकानदाराने विचारलं.

"मासे आहेत. दोन."

"आवं ताई, मासं मेलं तर माझ्या नावानं वरडू नका."

मी तिथेच एक सीलबंद कॅन उघडून यंत्र बुडवलं. शून्य. ॲसिड असेल तर, अशी भीती वाटली, म्हणून घरी आल्यावर यांच्या डब्यातल्या रंग बदलणाऱ्या थेंबांनी तेही तपासून घेतलं. फोन मात्र केला नाही. केला असता तर त्यांनी पुन्हा नको म्हटलं असतं, आणि माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. टाकीत एकेक पेला ओतत गेले. पंपाची घरघर थांबली. मग घाम पुसत समोर बसले. लहान मासा काचेपाशी येऊन माझ्या बोटासमोर थांबला. बोट उजवीकडे नेलं की तोही उजवीकडे. एवढे महिने घरात असून मी त्याच्याकडे कधी धड पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी यांचा फोन आला. "जिवंत आहेत का?"

"आहेत. मीही आहे."

मग खालच्या आवाजात म्हणाले, "जेवलीस का?"

ते वॉकर घेऊन घरी आले तोवर बॅटरीच्या पाण्यावरच भागलं. मासे ठणठणीत. मी काय घातलं ते सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, पण टाकीत काही खोट काढता येईना. मग मीच अट घातली: सांगलीच्या फेऱ्या बंद, पाणी घरातच करायचं. आता स्वयंपाकघरात ओट्याखाली फिल्टर बसलाय, त्याच्यापुढे क्षार ओढून घेणारी एक नळी. स्वस्तात पडतं, हे मी मान्य करते. पण पेलाभर कोरं पाणी देताना ते यंत्र तीन-चार पेले बाहेर टाकतं. त्या पाण्याने मी भांडी घासते, फरशी पुसते, तरी बादल्या भरलेल्याच. परवा त्यातल्याच एकीला माझा पाय लागला आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं. मी गुडघ्यावर बसून ते टिपत होते, तर बाहेर टाकीसमोर बसलेला हा माणूस म्हणतो, "अगं, जरा मोठी टाकी घेतली तर?"

मी फडका तिथेच टाकला आणि म्हटलं, "आधी वॉकरशिवाय इथपर्यंत चालत या. मग बोलू."

आता ते रोज सकाळी भिंतीला धरून चालायचा सराव करतात.