टाचेवरचा तीळ

नोकरीसाठी रोज नागभीडला गाडी बदलायचो, तेव्हा फलाटावर एक शिंगाडेवाली दिसायची. गिऱ्हाइकाला पहिला शिंगाडा ती स्वतः सोलून द्यायची. तिच्या टाचेवरचा काळा तीळ हिवाळाभरात पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, मग रक्त येऊ लागलं.

"बाई, छोट्या गाडीनं नागपूरले जा, चामडीच्या डॉक्टरले दाखव," मी म्हटलं.

"जलमाचा तीळ आहे, भाऊ. थो काय करते?" ती हसली.

पुढच्या हिवाळ्यात ती कुबडी घेऊन आली. तिळाचा कॅन्सर निघाल्यानं पाय गुडघ्याखाली कापला होता, तरी जांघेत गाठी आल्याचं तिनं सांगितलं.

"डॉक्टर म्हने, लवकर काऊन नाई आली? कधी दुखलाच नाई ना, भाऊ. दुखला असता तं धावत गेली असती."

संक्रांतीनंतर तिथं तिच्या गावची दुसरी बाई बसू लागली. मी काही विचारायच्या आधीच तिनं मान हलवली.