यंत्राला न दिसलेली वीज

आभाळातून पडणाऱ्या विजेकडेही साक्षीपुरावा मागणारा माणूस अवघ्या रायगड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीचा निघाला. आमच्या हिचे मामा रोह्याला एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होते आणि जवळच वरशाला राहत. उंच गोष्टींकडे आपण मान वर करून बघतो ती कौतुकाने, मामा बघत ते संशयाने. देवळाचा कळस, पाण्याची टाकी, कुणाचा माड, काहीही दिसलं की पहिला प्रश्न, "हितं वीज कितीदा पडली?" पेणजवळ जोह्याच्या मूर्तिकारांकडे गणपती ठरवायला त्यांना मी एकदाच नेलं. कारखान्यातल्या बाई मूर्ती दाखवतायत, तर हे मागच्या माडाखाली उभे. "गो बाय, हा शेंडा कधी जळला?" ती बिचारी म्हणाली, "दादा, गणपती न्यायचाय का माड?" शेवटी मूर्ती मीच ठरवली. पेणला माझ्या मेव्हणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत आभाळ चमकलं, तर हे भर मांडवात मोठ्याने "एक, दोन, तीन" मोजायला लागले. भटजी मुठीत अक्षता धरून थांबले. गडगडाट झाल्यावर मामा म्हणाले, "सात! अडीच किलोमीटर लांब हाय. चालू द्या."

त्या सुमाराला, म्हणजे नव्वद सालानंतर, कुठल्याशा संशोधन संस्थेने कोकणात चार-पाच ठिकाणी विजा टिपणारी यंत्रं बसवली होती. वीज पडली की ती आपसात हिशेब करून कुठे पडली ते सांगायची, आणि त्याची यादी मामांच्या कंपनीत यायची. मामाही प्रत्येक विजेची नोंद वहीत ठेवत, आणि त्या वहीत कंपनीच्या चिमणीवर पाच विजा. पंचक्रोशीत एवढी उंच दुसरी वस्तू नाही, पण यंत्राच्या यादीत तिच्या नावावर एकही नाही! त्यातली एक म्हणे कुंडलिकेच्या पात्रात पडली होती. मामांनी संस्थेला पत्र धाडलं, "त्या वेळी नदीत गळ टाकून बसलेल्या इसमास मी समक्ष भेटलो. तो ठणठणीत आहे. मासे मिळाले नाहीत, परंतु त्याचे कारण वेगळे आहे."

आम्ही पोट धरून हसलो. मामा मात्र हसत नव्हते. चिमणीवरची वीज जमिनीत उतरवणारी तांब्याची पट्टी खालून तुटली होती, आणि तिथेच, पायथ्याशी, प्रत्येक शिफ्टला बॉयलरवर माणसं. नवे मॅनेजर यादी दाखवून म्हणायचे, "चिमणीवर वीज पडतच नाही, मग पट्टीची घाई कशाला?" मामा मला म्हणाले, "यंत्र चुकलं तर कागद खराब व्हतो, जावईबापू. हितं माणूस जाईल."

मग साक्षीदारांची शोधाशोध सुरू झाली. गेटवरच्या चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पडली असंल, पण बघितली नाय. मी डोळं गच्च मिटून देवाचं नाव घेत व्हतो." वॉचमनचं तेच, शेजाऱ्यांचं तेच. वीज कडाडली की सगळं रोहा डोळे मिटून घेतं, हा शोध मामांना त्या वर्षी लागला. "ऐन वेळी अख्खा गाव आंधळा!" असं म्हणत ते कितीतरी दिवस फणफणत होते.

शेवटी पत्रांना कंटाळून संस्थेचे एक साहेब स्वतः आले. परतीच्या पावसाचे दिवस, दुपारचे चार वाजलेले, मामांच्या घराच्या गच्चीवर साहेब, मामा आणि पंच म्हणून पेणहून ओढून आणलेला मी. समोर दूरवर कंपनीची चिमणी. जिन्याच्या दारात उभ्या मामी ओरडतायत, "अवो, आत या! या वयात काय हे धंदं!" मामा रुबाबात म्हणाले, "साहेब, बघत ऱ्हावा. माझी पापणी नाय हलायची."

आणि पडली! बाप रे बाप! भानावर आलो तेव्हा आम्ही तिघे एकमेकांना धरून ओल्या गच्चीत बसलेलो. मी तर डोळे मिटलेच होते. साहेबांनीही मिटले होते. त्यांनी मामांना विचारलं, "तुम्ही पाहिलीत?" नुसतं हो म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मी मनात म्हणतोय, म्हणा हो, म्हणून टाका एकदाचं! मामांचा चेहरा पडला. "नाय साहेब. मिटलं डोळं."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मामी म्हणाल्या, "चिमणीवरच पडली. तुमच्या डोक्यावरून पलीकडं, शेंड्याला चिकटली आन सरसर खाली उतरली."

"तू डोळं नाय मिटलंस गो?"

"कशी मिटू? तुमच्यावर पडती का काय म्हणून तुमच्याकडंच बघत व्हते. आज काय, दर टायमाला बघते."

साहेबांनी साक्ष लिहून घेतली. फॉर्मवर 'निरीक्षक कोठे पाहत होता' असा रकाना होता, तिथे जरा थांबून 'यजमानांकडे' असं लिहिलं. कंपनीत जाऊन पाहिलं तर तुटक्या पट्टीचं टोक वितळलेलं. नशीब, कुणाला काही झालं नव्हतं. आठवड्याच्या आत नवी पट्टी बसली. यंत्राने मात्र तीही वीज तीन किलोमीटर लांब कुणाच्या तरी भातात पाडली होती.

मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी वरशाला गेलो होतो. दुपारी आभाळ भरून आलं, चमकायला लागलं, आणि मी सवयीने जिन्याकडे वळलो. मामा खुर्चीतून उठले, खिडकी लावली आणि परत येऊन बसले.

"मामा, गच्चीवर नाही जायचं?"

"चिमणीकडं मी बघीन हो, जावईबापू," ते म्हणाले. "माझ्याकडं कोण बघंल?"