दोन रेघांपुरतं नेट

सांधणीवाले मामा कोणतीही गोष्ट दोनदा मागत नसत. एकदा ते विरजणाला चमचाभर दही मागायला आले. माझी बायको म्हणाली, "संध्याकाळी देते," आणि विसरून गेली. मामा पुन्हा आले नाहीत. आठवड्याने तिला आठवलं तेव्हा ती ओशाळली. मामा हसून म्हणाले, "वहिनी, एकदा मागतलं ते मागणं. दुसऱ्यांदा मागतलं का ते भीक होते." ते हसले म्हणून आम्हीही हसलो. त्या वाक्याची किंमत मला पुढे कळली.

सुरतच्या डिंडोलीत आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. एक आमचं, एक त्यांच्या एका खोलीचं. मामा अकोल्याकडचे. बायको गेल्यापासून एकटेच राहत. सुरतेत कापडाच्या कारखान्याला खातं म्हणतात. अशाच एका खात्यात त्यांनी उभं आयुष्य सांधणी केली होती. लूमवरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की नव्या बीमचा, म्हणजे रुळाचा, एकेक धागा जुन्या धाग्याला गाठीने जोडायचा, ती सांधणी. हजारो गाठी, आणि प्रत्येक गाठ मारली की हलकेच ओढून पाहायची. काम सुटलं तरी सवय सुटली नव्हती. दाराला कुलूप लावलं की ओढून पाहायचे, पिशवीचा बंद बांधला की ओढून पाहायचे.

खात्याच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. पण तिथे कान लागतातच कुठे? तिथली माणसं हातांनी बोलतात आणि ओठांवरून ऐकतात. एकदा त्यांनी दिलेलं लोणचं चाखून बायको माझ्याशी पुटपुटली, "मीठ कमी आहे हो." मामा त्यांच्या दारात, चांगले दहा पावलांवर होते. तिथूनच म्हणाले, "कमीच हाय, वहिनी. डॉक्टरनं बंद केलं मले." आम्ही पोट धरून हसलो. हा प्रसंग मी नंतर विसरलो, हे इथे लिहून ठेवतो.

त्यांची मुलगी अकोल्याला दिलेली. तिची मुलगी चिमी सात वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. मामांच्या बटणाच्या फोनवर मुलीशी चार शब्द व्हायचे, तेही ओरडून. चिमीशी काहीच नाही. पण वर्षातून एकदा अकोल्याला गेले की आजोबा आणि नात दिवसभर हातांनी बोलत. चिमीने खात्यातल्या खुणा उचलल्या होत्या. "माह्या खात्यातली शेवटची कामगार हाय ते," मामा म्हणायचे.

आमच्या मुलाचा ऑनलाइन शाळेच्या वेळचा टॅब कपाटात पडून होता. मी तो मामांना दिला. दुसऱ्या दिवशी ते नवं सिमकार्ड घेऊन दारात उभे. टॅबच्या चारही कडा चाचपून झाल्या होत्या.

"भाऊ, याले तं तोंडच नाही. सिम घालू कुठं?"

"याला सिम लागत नाही, मामा. आमच्या घरचं नेट याला जोडू. वायरसुद्धा नको."

मी सेटिंग उघडलं, वायफाय चालू केलं, यादीतल्या आमच्या घरच्या नावावर बोट ठेवलं, पासवर्ड घातला. खाली "जोडले" असं आलं. मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, "वढून पाहा." म्हणजे लावून पाहा. मी त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला. चिमीचा चेहरा पडदाभर आला. मामांनी पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली. जेवलीस का? तिने दोन्ही तळव्यांनी भाकरी थापून दाखवली. मामांनी टॅब माझ्या हातात दिला, कारण त्यांना बोलायला दोन्ही हात हवे होते.

त्यांच्या खोलीत आत नेट पोचत नव्हतं. दाराशी मात्र दोन रेघा यायच्या. मामांनी दारात स्टूल ठेवलं, समोर खुर्चीवर टॅब उभा केला. रोज संध्याकाळी सहाला त्यांचे हात चालू लागत. ऑफिसातून येताना जिन्यातून मला आधी ते हात दिसायचे.

आता जे सांगायचं ते सांगतो. मुलाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, घरबसल्या नोकरीच्या मुलाखती चालू होत्या. नेट मधेच थांबे. "पप्पा, फरी अटकी गयुं," पुन्हा अडकलं, म्हणत तो गुजरातीत चिडायचा. मी नेटवाल्या माणसाला बोलावलं. आमच्या दारातच त्याने विचारलं, आणखी कोण वापरतं? मी म्हणालो, "सामनेवाले मामा भी चलाते हैं. पासवर्ड बदल दो. उनको नहीं देना है." समोर मामा स्टुलावर बसले होते. मी आवाजही खाली आणला नाही. बहिऱ्या माणसासमोर कशाला आणायचा?

बायकोने त्या दिवशी विचारलं, "मामांच्या टॅबमध्ये नवा घातला ना?"

"मुलाखती होऊ देत. मग घालतो."

मुलाखती झाल्या. नेट तसंच अडकत राहिलं. वायफायचा डबा लोखंडी कपाटामागे होता, दोष तेवढाच होता. तरी मी मामांच्या दाराशी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. सहाला मामा स्टुलावर बसलेले असत. टॅब समोर, हात मांडीवर. मी किल्ली शोधण्याचं निमित्त करून मान खाली घालायचो. मागतील, म्हणजे देऊन टाकू, असं स्वतःला सांगायचो. मामांनी एकदाही मागितलं नाही.

महिनाभराने ते टॅब घेऊन आले. धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला, वर गाठ. "पोरीचा फोन आल्ता. चिमी सहा वाजले का फोन मांडीवर घेऊन बसते म्हने. जेवत नाही." मग म्हणाले, "पोरीच्या घरी राहू नाही म्हनतात. पन जातो. खोली सोडली."

मी घाईने म्हणालो, "मामा, अहो, आमचा पासवर्ड बदलला होता. मी साफ विसरलो बघा."

"इसरले नाही, भाऊ. त्या पोराले सांगताना मी पाह्यलं तुमाले."

आवाजात राग नव्हता. मी तिथेच गाठ सोडून टॅब चालू केला, नवा पासवर्ड घातला. आमच्या दाराशी होतो, सगळ्या रेघा आल्या. मी टॅब पुढे केला.

"राहू द्या," मामा म्हणाले. "आता समोरासमोरच बसू आमी दोघं."

उधना स्टेशनवर पोचवायला मी गेलो. ते नको म्हणाले नाहीत, या असंही नाही. गाडीत खिडकीशी बसून त्यांनी पिशवीचा बंद ओढून पाहिला. शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत निघाली. त्या आवाजात मला माझाही शब्द ऐकू येणार नव्हता, म्हणूनच बहुधा धीर झाला. मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं. मला माफ करा."

ते माझ्या ओठांकडेच पाहत होते. त्यांची गाडी हलली. मामांनी गजातून हात बाहेर काढला, पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली. जेवलात का?

मी मान हलवून हो म्हटलं. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. तेही त्यांना दिसलं असणार.